पॅन्ट घट्ट झाली की फोन करा

लिहायला बसलो की अर्ध्या पानात दम लागतो. म्हणून हे सगळं तुकड्यातुकड्यांत आहे, शिवण जुळली नाही तर समजून घ्या. आमच्या भोरमध्ये अशी बरीच घरं आहेत, जिथं म्हातारं माणूस मधल्या खोलीत खाटेवर आणि त्याचा मोठा डॉक्टर पुण्यात. मधे कात्रजचा घाट आणि एक टेलिफोन. त्या घरांसाठी लिहितोय. गोळ्यांची नावं विचारू नका, ती तुमच्या डॉक्टरला विचारा. मला फक्त आमच्या घरात काय झालं तेवढं ठाऊक आहे.

छाती, मग कंबर

मी टेलर. भोरच्या बाजारपेठेत जन्म गेला. पेठेत मला सगळे मास्तर म्हणतात, बायकोसुद्धा चारचौघांत मास्तरच म्हणते. माप घेताना मी मोठ्याने आकडे सांगायचो आणि मुलगा सलीम लिहून घ्यायचा. छाती, कंबर, सीट, लांबी, सगळं एका दमात. त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता एका उत्रोलीच्या गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. छाती सांगितली, आणि कंबरेपर्यंत पोचायच्या आत श्वास तुटला. टेप गळ्यात टाकून स्टुलावर बसलो.

"मास्तर, आता पोराला घिऊ द्या की मापं," गिऱ्हाईक म्हणालं.

मला राग आला. आजाराचा नाही, त्याचा. सलीमचं माप घेणं मला कधी पटलंच नाही. तो टेप ओढून धरतो.

पुढचे काही दिवस पित्त झालं म्हणून काढले. हमिदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही म्हणून दृष्ट लागलीच होती असं ठरवून टाकलं. मग पायात चप्पल जाईना. भोरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, पुण्याला जा. आजच."

आजार किती मोठा आहे हे मला त्या 'आजच'ने कळलं. बाकी कुणी सांगितलंच नाही.

आटत गेलेली गोष्ट

जीप केली. कापूरहोळला हायवेला लागलो, नसरापूरच्या फाट्यावर सलीमने चहा सांगितला आणि तिघांनीही तो तसाच ठेवला. शिवरे मागे पडलं तेव्हा हमिदाने पिशवीतून माझा धुतलेला शर्ट काढून मांडीवर घडी केला, परत उलगडला, परत घडी केला. असं कात्रजपर्यंत चाललं होतं.

पुण्याच्या डॉक्टर म्हणजे एक बाई. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. छातीवर गार चिकट काहीतरी लावून त्यांनी माझं हृदय टीव्हीवर पाहिलं. मग सलीमला बाहेर घेऊन गेल्या.

बाहेर त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला पुष्कळ महिन्यांनी कळलं. हृदय दुबळं झालंय, रक्त नीट पुढे ढकलत नाही, म्हणून पाणी पायात, पोटात, फुप्फुसात साठतं. पूर्ण बरं होणार नाही, सांभाळत राहावं लागेल. सलीमने आत येऊन मला सांगितलं, "अब्बा, हृदयाला जरा सूज हाय म्हणत्यात. गोळ्यांनी उतरंल." आणि हमिदा जिन्याखाली बाकड्यावर बसली होती, तिला मी सांगितलं, "गॅस हाय. काळजी करू नगं."

पुण्यातून निघालेली गोष्ट आमच्या घरात पोचेपर्यंत अशी आटत गेली. यात कुणाला खोटं बोलायचं नव्हतं. आमच्याकडे आजारी माणसाला अर्धं सांगायचं आणि बायकांना पाव, ही रीतच आहे. माया म्हणून करतात.

बेड नंबर चार

दवाखान्यातला मुक्काम मी थोडक्यात उरकतो, कारण आठवलं की अजून अंग गळून जातं.

तिथं मला मास्तर कुणी म्हणत नव्हतं. बेड नंबर चार. सकाळी सकाळी अंग पुसायचे, मी जागा असो वा नसो. मग रक्त, मग गोळ्या, मग चादर. अंगात तो हिरवा गाऊन, मागून उघडा, एक बंद तुटलेला आणि दुसरा चुकीच्या जागी लावलेला. ज्याने तो बेतला त्याने आयुष्यात माणसाची पाठ पाहिली नसावी. मी नर्सबाईंना म्हटलं, सुई-दोरा द्या, बंद लावून देतो. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. मला खरंच हवा होता सुई-दोरा.

शेजारच्या खाटेवर एक पेन्शनर होते, वेल्ह्याकडचे. दुपारी आम्ही भाताविषयी बोललो, वेल्ह्याचा इंद्रायणी चांगला की भोरचा यावर थोडं तणतणलोही. चहा यायच्या आधी ते गेले. पडदा ओढला, माणसं आली, मशीन ढकलत नेलं, आणि चहा आला तो माझ्यापुरता.

भेटायच्या वेळेला हमिदा आली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मला परत हितं आणू नगंस. काय व्हायचं ते घरी हुंदे."

"न्हाई आणत," ती म्हणाली. तिने लगेच शब्द दिला, विचारही केला नाही.

भीती लिहायची तर ती एवढीच होती. मरणाची कमी, त्या पडद्याची जास्त.

पॅन्टचा काटा

घरी आलो. घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मधल्या खोलीत खाट, डोक्याकडच्या पायांखाली विटा, कारण सपाट झोपलं की गुदमरायचं. जेवण अळणी. आयुष्यभर मटणाच्या रश्शावर वाढलेल्या माणसाला अळणी दुधीभोपळा वाढणं हे एक वेगळंच कलम आहे, पण हमिदा स्वतःही माझ्यासोबत तेच खायला लागली, त्यामुळे तक्रार करायची सोय राहिली नाही.

सुरुवातीला आम्ही दर पंधरवड्याला पुण्याला जायचो. जाऊन आलो की दोन दिवस उठवत नसे. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही इथे तपासायला येता आणि येण्यानेच आजारी पडता. त्यापेक्षा दर बुधवारी दुपारी फोन करा. मी विचारेन, तुम्ही सांगा. घरी बीपी बघायला कुणी मिळेल का?"

मिळालं. पेठेच्या मागे सिंधूताई राहायच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एक दिवसाआड यायच्या, बीपी बघायच्या, पायावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघायच्या आणि हमिदाशी लोणच्यावर बोलायच्या. लोणचं मला बंद होतं.

फोनवर बाई सांगायच्या, "एका दमात आकडे म्हणा, कुठपर्यंत जातं बघू." मी एक, दोन, तीन करत वीसपर्यंत जायचो आणि त्या पलीकडून माझा श्वास ऐकायच्या. मग प्रश्न. उशा किती लागतात, संडासला जाऊन येताना थांबावं लागतं का. आणि वजन.

वजनावर गाडी अडली. त्यांना रोजचं वजन हवं होतं, कारण पाणी साठायला लागलं की आधी वजन वाढतं आणि दम नंतर लागतो. घरात काटा नव्हता. औषधाच्या दुकानात होता, पण तिथवर रोज जाणं म्हणजे मला डोंगर.

मी म्हणालो, "बाई, मी टेलर आहे. माझी एक पॅन्ट आहे, मीच शिवलेली, कमरेला नेमकी. रोज सकाळी चहाच्या आधी घालून बघतो. पाणी साठलं तर ती सांगेल."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "चालेल. पोटालाच सूज येते तुम्हाला. पण एक लक्षात ठेवा, पॅन्ट घट्ट झाली की त्याच दिवशी फोन करा. बुधवारची वाट बघायची नाही."

सलीमला मी हे सांगितलं. हमिदा स्वयंपाकघरात होती. तिला कळलं ते एवढंच, की रोज सकाळी ही करडी पॅन्ट खुंटीवरून काढून द्यायची आणि हे कमरेचा हूक लावून एक फेरी मारून परत लुंगी लावणार. तिने कारण विचारलं नाही. माझ्या अनेक खुळांपैकी एक म्हणून सोडून दिलं असावं.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मला तर फोनची ऐट आली होती. बुधवारी दुपारी पेठेतले दोघंतिघं मुद्दाम यायचे. घरबसल्या पुण्याच्या डॉक्टरकडून तपासून घेणारा भोरमधला मी पहिलाच, असं सलीम गिऱ्हाइकांना सांगायचा.

सीझन

त्या वर्षांत दिवाळी आणि ईद लागून यायच्या. टेलरच्या घराला याचा अर्थ कळतो. दिवाळीचं शिवून हातावेगळं होतं न होतं तोच रमजानची कापडं येऊन पडायची. सलीम दुकानातून जेवायलाही वर येईना. सिंधूताईंची मुलगी वेल्ह्याला बाळंत झाली, त्या तिकडं गेल्या. हमिदाचे रोजे चालू. पहाटेचं खाणं, दिवसभर मी, संध्याकाळचं खाणं, आणि मधल्या वेळात सलीमने वर टाकलेल्या कपड्यांची तुरपाई आणि काजं. आमच्या दुकानाची सगळी हातशिलाई लग्न झाल्यापासून तिचीच. मी तिला कधी कारागीर म्हटलं नाही, पण तिच्याइतका बारीक टाका मी कुणाचा पाहिला नाही.

अशाच एका सकाळी पॅन्ट घट्ट लागली. हूक लागला, पण ओढून. मी चहा तसाच ठेवला. डोळ्यांपुढे तो पडदा आला. आज फोन केला की आज जीप येणार, हे मला माहीत होतं. म्हटलं, एक दिवस बघू. सलीमला तरी कशाला ओढायचं दुकानातून.

दुसऱ्या दिवशी पॅन्ट नीट बसली.

काय आनंद झाला म्हणून सांगू. गोळी लागू पडली. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यालो आणि हमिदाला म्हणालो, "बघ, म्या म्हणत हुतो न्हवं." ती हसली आणि भांडी घेऊन आत गेली.

बुधवारी बाईंना सांगितलं, पॅन्ट बरोबर आहे. त्या म्हणाल्या, छान. पुढच्या बुधवारीही तेच. आकडे आता पंधरापर्यंतच जात होते, पण रमजानात घरात गडबड असते, झोप नीट होत नाही, असं मीच त्यांना कारण दिलं. पाय सुजले होते. ते तर मशीनवर बसून बसून कायमच सुजलेले, असं मी स्वतःला सांगितलं. पॅन्ट बसतेय ना, मग झालं.

तो बुधवार

त्या दिवशी सकाळपासून मला बोलता येत नव्हतं. बोलता यायचं, पण एका वेळी दोन शब्द. उशांना टेकून बसलो होतो तरी कुणीतरी छातीवर गुडघा ठेवल्यासारखं वाटत होतं. दुपारी फोनची वेळ झाली. फोन खाटेजवळच्या तिवईवर होता, नंबर मीच फिरवला. हमिदा खाली बसून माझे तळपाय चोळत होती.

बाई म्हणाल्या, आकडे म्हणा. मी सातावर थांबलो.

मग त्यांनी विचारलं, "पॅन्ट?"

"बसते."

"नक्की? आज घातली होती?"

"घातली. बसते. सैलच हाय जरा."

"मग हे पाणी नसावं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कफ असेल. ताप आहे का? मास्तर, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी मी वाढवत नाही, उलट निम्मी करते. पाणी नसताना ती जास्त झाली तर मूत्रपिंडाला त्रास होईल. तुमच्या तिथल्या डॉक्टरांकडून कफाचं औषध सुरू करा. मी नाव सांगते, लिहून घ्या."

मी हमिदाला खुणेने पेन्सिल मागितली. ती उठली. पेन्सिलीऐवजी तिने माझ्या हातातला फोन घेतला.

आमच्या लग्नाला तेव्हा इतकी वर्षं झाली होती की मी मोजत नव्हतो, पण तिने परक्या माणसाशी फोनवर बोललेलं मी पाहिलं नव्हतं. फोन वाजला की ती पदर सावरून सलीमला हाक मारायची. तिने तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"बाई," ती म्हणाली, "म्या हमिदा, मास्तरांच्या घरातली. पॅन्ट बसत न्हाई. म्या उसवून सैल केलीया. तीन येळा. आता मागं कापड ऱ्हायलं न्हाई."

मला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. मी खुंटीवरची पॅन्ट ओढून मांडीवर घेतली. मागच्या शिवणीला बोट लावलं. कमरपट्टीच्या आतून, जिथं आम्ही जादा कापड ठेवतो, तिथं मशीनची शिवण नव्हतीच. हातशिलाई होती. बारीक, सरळ, एकसारखी. डोळ्यांनी दिसली नसती, बोटाला लगेच कळली.

पलीकडून बाई काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. हमिदा मात्र एकेका प्रश्नाला उत्तर देत होती. "व्हय. पोट लई फुगलंय. व्हय, पायावर बोट रुततं. न्हाई, दोन दिसांत लघवी कमीच हाय. पाच उशा. न्हाई, झोपत न्हाईत, बसूनच असत्यात. मला म्हायती हाय, म्या बघते की." मी बुधवारी जे सांगत होतो त्यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

मग ती फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं वळली. "बाई म्हणत्यात, लगोलग सुई द्यायची. डॉक्टरांना घरी बलवा. दोन तासांनी फोन करा, लघवी झाली तर हितंच ठिवू, न्हाई झाली तर पुण्याला." आणि मग फोनमध्ये, "बाई, तुमी ठिवू नगा, म्या सलीमला हाक मारते."

भोरचे डॉक्टर स्कूटरवरून आले. बाईंशी फोनवर बोलले, सुई दिली, आणि तिथंच खुर्ची ओढून बसले. सलीम खालून कात्री हातात घेऊनच धावत आला होता, ती त्याने शेवटपर्यंत ठेवली नाही. जीप दारात आणून उभी केली होती. ती मला खिडकीतून दिसत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

संध्याकाळची मगरिबची अजान झाली तेव्हा हमिदा फोनवर होती. खोलीत डॉक्टर, सलीम, जीपवाला आणि कापड न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक. ती खणखणीत आवाजात सांगत होती, "झाली, बाई. मोठा तांब्या भरून झाली. दुसऱ्यांदाबी झाली, पन निम्मा तांब्या." सलीमचे कान लाल झाले. गिऱ्हाईक जिन्याकडे बघायला लागलं. मी आयुष्यात इतका उघडा कधीच पडलो नव्हतो, त्या हिरव्या गाऊनमध्येसुद्धा.

जीप परत गेली. हमिदाने मग उभ्या उभ्याच एक खजूर तोंडात टाकून रोजा सोडला.

घरातली शांतता

जीव वाचला की घर आनंदात न्हाऊन निघतं असं वाटत असेल तर तसं काही होत नाही. निदान आमच्याकडे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सलीम आईवर तुटून पडला. "अम्मी, तू अब्बांना मारलं असतंस. कळतंय का तुला?" ती कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत राहिली. मलाही राग होता. तो बोलून दाखवण्याइतका श्वास नव्हता, म्हणून मी गप्प राहिलो आणि लोकांना वाटलं मास्तरांनी माफ केलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती पाय चोळत होती, भांडं देत होती, अळणी भोपळा भरवत होती, आणि मी भिंतीकडे बघत होतो. आजारी माणसाचा रुसवा फार नीच असतो, कारण समोरच्याला उठून जाता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं. "कशापायी केलंस?"

तिने दोरा दाताने तोडला, सुई पदराला टोचली.

"तुमीच शिकिवलंत," ती म्हणाली.

ते खरं होतं. आमच्या दुकानाचा तो नियम. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर बोलून दाखवायचं नाही. जुन्या मापावर शिवतो म्हणायचं आणि गुपचूप सैल करून द्यायचं. माणूस आरशात बघतो, खूश होऊन जातो, परत आपल्याकडेच येतो. मी तिला, सलीमला, सगळ्या कारागिरांना हे पढवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

"त्या सकाळी हूक लावताना तुमचं त्वांड बघितलं म्या," ती पुढं म्हणाली. "चा बी घेतला न्हाई. म्हनलं, पॅन्टीपायी कशाला जीव खायचा. दुपारी तुमी पडला हुता, तवा उसवून दिली. दुसऱ्या दिशी तुमी हसलात. मग कसं सांगणार?"

"पोट वाढतंय ह्ये दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं की. मला वाटलं, अंग धरताय." ती थांबली. "वाटलं न्हवं. वाटून घेतलं. दवाखान्यात नेणार न्हाई म्हनून शबुद दिल्ता."

पॅन्ट कशासाठी घालतो हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिने पॅन्ट उसवली हे तिने मला सांगितलं नव्हतं. दोघांनीही एकमेकांना सांभाळलं. मला तेव्हा नुसतं थकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, पाय चोळ जरा, गार पडलेत. तिने चोळले.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टर फोनवर असेल तर त्याला डोळे नसतात, तुमचेच डोळे तो वापरतो. ते कुणाचे वापरायचे हे नीट बघा. आजाऱ्याचे तर मुळीच वापरू नका.

आता फोन कोण करतं

बाईंनी त्यानंतर सांगून टाकलं, "इथून पुढे माझ्याशी हमिदाताई बोलतील. मास्तरांनी फक्त आकडे म्हणायचे." सलीमने तालुकाभर फिरून एक वजनकाटा आणला. सिंधूताई वेल्ह्याहून परत आल्या आणि त्यांनी हमिदाला बीपीचं यंत्र लावायला शिकवलं. पेठेतले लोक बुधवारी यायचे बंद झाले, कारण हमिदा फोनवर जे काही बोलते ते ऐकायला भल्या माणसाला बसवत नाही.

ती सगळं सांगते. मी चोरून लोणच्याची फोड खाल्ली हे सांगते. दुकानात उतरायचा हट्ट केला हे सांगते. एकदा तर म्हणाली, "बाई, ह्ये भ्यात्यात. सांगत न्हाईत, पन भ्यात्यात. त्याची काय गोळी असती का?" मी खाटेवर बसून ऐकत होतो. चाळीस वर्षं पेठेत ताठ मानेने वावरलो, आणि पुण्याच्या डॉक्टरला फोनवर कळलं की मास्तर भितात. बाईंनी काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. त्यानंतर हमिदा दुपारची आत जाईनाशी झाली, शिलाई माझ्या खाटेजवळच घेऊन बसायला लागली. तीच गोळी असावी.

मग गेल्या वर्षी, बकरी ईद होऊन गेल्यावरच्या एका बुधवारी, तिने सगळं सांगून झाल्यावर फोन खाली ठेवला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. वाटलं, आता उठून जा म्हणेल. पण मला उठता येत नव्हतं, आणि फोनची वायर आत पोचत नव्हती.

"बाई," तिने विचारलं, "अजून किती दिस हायत?"

मग ती नुसतीच ऐकत राहिली. बराच वेळ. एकदा "व्हय" म्हणाली. एकदा "कळलं" म्हणाली. फोन हळूच ठेवला आणि त्याच्यावरचं कापडी झाकण सारखं केलं.

आमच्या घरात अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. काही नाही, गोळ्या बदलल्यात. सलीम असता तर त्याने तेच म्हटलं असतं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

"काय म्हणल्या?" मी विचारलं.

"सांगू?"

मला हो म्हणायला वेळ लागला, हे कबूल करतो. खालून मशीनचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

"सांग," मी म्हटलं.

"नेमकं कुणालाच सांगता येत न्हाई म्हणल्या. पन त्यांना वाटतंय, दोन वर्सं. नीट सांभाळलं तर. आन् म्हणल्या, आता पुण्याला आणायची गरज न्हाई, घरीच ठिवा, म्या फोनवर हाय."

ऐकून हलकं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तिला म्हटलं, "खरं सांगतीस न्हवं?" ती म्हणाली, "आता खोटं सांगून कुठं ठिवू." मग ती रडली, मीही रडलो, आणि दोघंही एकमेकांसमोर रडलो, आपापल्या कोपऱ्यात जाऊन नाही. हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं.

त्या दोनातलं एक वर्ष सरलं आहे. आम्ही दोघंही मोजतो, आणि मोजतोय हे आता एकमेकांपासून लपवत नाही.